एक चक्कर जादा

शालन, तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले आणि या एकोणीस दिवसांत मी एकदाही चालायला गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर बाकी सगळं सोडून आधी हेच विचारलं असतंस. "प्रज्ञे, किती चकरा झाल्या?" शून्य. एकदा पार्कच्या गेटपर्यंत जाऊन परत आले, पण ते तू मोजणार नाहीस. गजर रोज पावणेसहाला वाजतो. मी तो बंद करते, छताकडे बघत पडून राहते, सातला उठते, चहा करते आणि ऑफिसला जाते. शेजारच्या टेबलवरच्या बाईंना सांगितलं की माझी एक मैत्रीण गेली. त्या म्हणाल्या, "अरे, सो सॉरी. करीबी थीं क्या?" रोज सकाळचा एक तास जिच्याबरोबर घालवला तिला जवळची म्हणायचं की पार्कातली, हे आपण कधी ठरवलंच नव्हतं. मी "हां" म्हणाले आणि त्यांनी माझ्यापुढे फाईल सरकवली.

पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला दम भरला होता. "मॅडम, रोज पैंतालीस मिनट वॉक, नहीं तो गोली डबल." रक्तदाब, गुडघे, वजन, सगळ्यांनी एकदमच बंड पुकारलं होतं. मी जन्माची सरकारी नोकर. हुकूम आला की अंमलबजावणीला लागते. मुनिरकाच्या गल्लीतल्या एका जिममध्ये नाव घातलं. आरशापुढे दंड फुगवणाऱ्या पोरांनी "आंटी जी" म्हणत मला कोपऱ्यातली सायकल दाखवली. नऊ दिवस ती मारली, दहाव्या दिवशी कंटाळा आला. मग मोबाइलवर योगासनं लावली. त्यातली बाई हसत हसत पाय डोक्यामागे न्यायची आणि मी सोफ्यावर चहा पीत तिचं कौतुक करायचे. नागपूरच्या भाच्याने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. ते दर तासाला 'उठा, उठा' म्हणून थरथरायचं. वैतागून मी ते चमच्यांच्या खणात टाकलं, तर तिथेही खडखडत राहिलं. एकटीचं घर, त्यात सांगणारं कुणी नाही आणि विचारणारंही कुणी नाही. मनात आलं की सुरू, मनात आलं की बंद. व्यायामाच्या बाबतीत माझ्या मनात बहुतेक वेळा बंदच यायचं.

आणि मग एका सकाळी, घराजवळच्या मोठ्या पार्कात, जांभळाच्या झाडाखाली एक बाई हात गोल फिरवत मोठ्याने मोजत होती. "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस..." तीस वर्षं दिल्लीत काढली की माणूस बाहेर हिंदी बोलतो, फायलीवर इंग्रजी लिहितो, पण मोजतो आपल्याच भाषेत. माझे पाय जागच्या जागी थांबले. तू दचकून विचारलंस, "क्या हुआ जी?" मी म्हणाले, "काही नाही, मोजा तुम्ही. तीस म्हणायचं राहिलंय." तू हात तसेच हवेत ठेवलेस. "अगंबाई! मराठी?" ते तीस काही तू म्हणालीच नाहीस. साताऱ्याकडचं तुझं गाव, अमरावतीकडचं माझं, तुझे मालक फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन आता गुडगावात सिक्युरिटीचं बघतात, मुलगी नेहा नोएडाला नोकरी करते, हे सगळं पहिल्याच चकरेत तू सांगून टाकलंस. माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, तरी तू ते खणून काढलंस. तीन चकरा कधी झाल्या ते मला कळलं नाही. डॉक्टरांची पंचेचाळीस मिनिटं पहिल्यांदा पूर्ण झाली ती अशी.

तुझ्या काखेत एक कापडी पिशवी असायची. रोज, घडी घातलेली, रिकामी. दोन आठवडे मी बघितलं आणि मग न राहवून विचारलं. तू म्हणालीस, "अगं, बाईमाणसाने रिकाम्या हाताने फिरायचं बरं दिसतं का? पिशवी असली म्हणजे लोकांना वाटतं, काहीतरी आणायला निघालीय." मी किती हसले होते. तू नाही हसलीस. लहानपणी तू पाण्याला चाललीस, सरपणाला चाललीस, डोक्यावर भाकरी घेऊन शेताला चाललीस. लग्नानंतर या छावणीतून त्या छावणीत, क्वार्टरपासून कॅन्टीनपर्यंत आणि शाळेपासून क्वार्टरपर्यंत. पन्नाशी येईतो तू नुसती अशी कधी चाललीच नव्हतीस. "गावाला बाई रस्त्याने निघाली की चार जण विचारतात, कुठे निघालीस? आणि कुठेच नाही म्हटलं तर पाचव्याला काळजी वाटते," तू म्हणायचीस. दिल्लीत कुणी विचारत नाही, याचं तुला वाईटही वाटायचं आणि बरंही. चार महिन्यांनी एके दिवशी अर्ध्या चकरेत तू एकदम थांबलीस. "अय्या, पिशवी घरी राहिली!" आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत उभी राहिलीस. "दोन्ही हात मोकळे आहेत गं," म्हणालीस. त्यानंतर पिशवी पुन्हा आली नाही.

नियम आला तो पहिल्या थंडीत. दिल्लीच्या जानेवारीत सकाळी सहा वाजता रजईबाहेर पाय काढायचा म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच माहीत. मी कारणं द्यायला लागले. धुकं आहे, गुडघा दुखतोय, गेटपाशी कुत्री बसलीत, भावाचा फोन यायचाय, खात्यात अर्जंट उत्तर द्यायचंय. तू चार दिवस ऐकून घेतलंस. पाचव्या दिवशी म्हणालीस, "हे बघ, आमच्या ह्यांच्या युनिटमध्ये पीटीला कुणी बहाणा केला की उस्ताद एकच गोष्ट म्हणायचा, एक चक्कर जादा. ओरडा नाही, चौकशी नाही. आजपासून आपलं तेच."

"आणि कारण खरं असलं तर?"

"खरं-खोटं बघत बसायचंच नाही. ते बघायला गेलं की जी बोलायला हुशार ती जिंकते. आणि तू तर बाई सरकारी नोटिंग लिहिणारी."

तुझं म्हणणं बिल्कुल बरोबर होतं. उशीर कसा अपरिहार्य होता हे एका पानात पटवून देण्याची मला तीस वर्षांची सवय आहे. तुझ्या नियमापुढे ती कला वाया गेली. तोंडातून 'आज जरा' एवढं निघालं की तू बोट वर करायचीस. "बहाणा! एक चक्कर जादा." तुझ्या त्या बोटाने मला पाच वर्षं चालवलं. नोव्हेंबरात हवा विषारी झाली की पार्क बंद, पण चकरा चालू, तुझ्या इमारतीचे चार मजले आपण मास्क लावून चढायचो आणि उतरायचो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खन्ना आंटी दार उघडून विचारायच्या, "लिफ्ट खराब है क्या?"

माझी गोळी डबल झाली नाही, उलट अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, "मोटिव्हेशन कहाँ से लाती हैं आप?" मी काय सांगणार? ते पार्कच्या गेटपाशी हाताची घडी घालून उभं असतं, आणि मी पाच मिनिटं उशिरा पोचले तर मला मोबाइलमधली वेळ दाखवतं.

यावरून आपला वाद व्हायचा आणि तो अजून संपलेला नाही. मी कुठे कुठे वाचलेलं तुला ऐकवायचे. छोटी उद्दिष्टं ठेवा, स्वतःला बक्षीस द्या, आरशात बघून हसा. तू म्हणायचीस, "इच्छा व्हायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील. बूट घालायचे. इच्छा मागून येते, नाही आली तर नाही आली." मी म्हणायचे, असं यंत्रासारखं जगता येत नाही. तू म्हणायचीस, गाईची धार काढताना कुणी इच्छा विचारतं का? बक्षिसाची गोष्ट मात्र तू तत्काळ मान्य केलीस. महिन्यातल्या एका रविवारी मेट्रोने कस्तुरबा गांधी मार्गावर जायचं, आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये थालीपीठ खायचं, आणि महिन्याभराच्या चालण्यावर लोण्याचा गोळा ठेवायचा. पहिल्या रविवारी तू मालकांचे जुने कॅनव्हासचे बूट घालून आली होतीस. तिथूनच मी तुला करोल बागेत नेलं आणि तुझ्या मापाचे बूट घेतले. दुकानात चार पावलं चालून तू म्हणालीस, "यात तर पाय आपोआप पुढे जातात. मग माझं काय काम राहिलं?"

तू स्वतः कधी बहाणा केला नाहीस. पाच वर्षांत एकदाही नाही. ताप आला तर नेहाकडून निरोप यायचा, "मम्मीने बोला है, आज नहीं." कारण नाही. आणि बरं वाटलं की कुणी न सांगता तू एक चक्कर जादा मारायचीस. मला तुझं कौतुक होतं आणि खरं सांगू, रागही यायचा. तुला एकदा तरी पकडायचं, हे माझ्या मनात घर करून होतं.

एकदा आपलं खरंच बिनसलं होतं. तू गावच्या उन्हाळ्याचं सांगत होतीस आणि बोलता बोलता म्हणून गेलीस, "तुमच्या वस्तीची विहीर वेगळी असायची ना, ती तर मार्चमध्येच आटायची." तुला फक्त पाण्याबद्दल बोलायचं होतं. माझी आजी त्या वेगळ्या विहिरीवर वाढली. ती आटली की दुसऱ्या विहिरीपासून लांब उभी राहून, कुणीतरी वरून ओतेल म्हणून वाट बघायची. उरलेल्या दोन चकरा आपण एक शब्द न बोलता मारल्या. दुसऱ्या दिवशी तू माझ्याआधी गेटपाशी होतीस. "काल मी चुकले," म्हणालीस. "लहानपणी कुणी शिकवलं नाही हे खरं, पण आता पन्नाशी उलटली माझी. मला कळायला हवं होतं." एवढंच. डोळे पुसले नाहीस, गळ्यात पडली नाहीस, चालायला लागलीस. मी राग धरून ठेवायचं ठरवून आले होते, तो जेमतेम दुसऱ्या चकरेपर्यंत टिकला. त्या एप्रिलमध्ये तू माझ्याबरोबर आमच्या विहारात आलीस, सगळ्यांच्या मागे बसलीस आणि शुगर असूनही खीर दोनदा घेतलीस. गावात असतो तर आपण दोघी रोज अशा चाललो असतो का, हे मात्र दोघींपैकी कुणीच कधी विचारलं नाही.

आता ते सांगते जे मी तुला सोडून सगळ्यांपासून लपवलं.

फेब्रुवारी संपत आला होता. सावरीची लाल फुलं वाटेवर पडलेली होती आणि तू ती चुकवत चालत होतीस. तिसऱ्या चकरेत तुझा वेग कमी झाला. तू पाठीमागे हात नेऊन खांद्याखाली दाबलंस. "आज जरा दम लागतोय गं. पाठीत इथे भरून आल्यासारखं झालंय. दोन मिनिटं बसू या का?"

आणि मी उडी मारली, शालन. छपन्न वर्षांची बाई मी, अक्षरशः उडी मारली. बोट वर केलं. "बहाणा! सापडलीस! पाच वर्षांनी सापडलीस!" मी टाळ्या वाजवल्या. हिरवळीवर बसलेली म्हातारी मंडळी वळून बघायला लागली. "एक चक्कर जादा!"

तू हसलीस. मला नीट आठवतं, तू खरंच हसलीस. "ठीक आहे बाई, नियम म्हणजे नियम. घे, भागवून घे तुझी हौस." ती चक्कर तू पूर्ण केलीस, हळूहळू, मला चिडवत. शेवटी माझ्या मनगटावरचं घड्याळ, तुझ्याबरोबर चालायला लागल्यावर खणातून परत काढलेलं, थरथरलं, कारण त्या दिवशी माझी पावलं आजवरच्या सगळ्यात जास्त झाली होती. पडद्यावर फटाके उडाले. मी तुला दाखवलं. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघितलंस आणि हात तसाच राहू दिलास, गेटपर्यंत. मला वाटलं, लाडाने ठेवलाय. आता वाटतं, तुला आधार हवा होता.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. "तू हो पुढे, मी येते मागून," म्हणालीस. पाच वर्षांत मी पहिल्यांदा तुझ्यापुढे गेले आणि मला त्याचा आनंद झाला. मी मागे वळून बघितलं तेही तू किती मागे राहिलीस ते बघायला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मीटिंगमध्ये असताना नेहाचा फोन आला. "मावशी, मम्मी उठ नहीं रही." तू कपडे वाळत घालून पाच मिनिटं आडवी झाली होतीस. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. बाहेर दाराशी तुझे करोल बागेचे बूट होते, लेस न सोडता काढलेले, नेहमीसारखे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, अस्थी घेऊन गावाला निघण्याआधी, भाऊजी माझ्यापाशी आले. तुझे मालक, ज्यांना मी पाच वर्षं भाऊजी म्हणते आणि ज्यांच्याशी पाच वर्षांत माझं पाच वाक्यांपलीकडे बोलणं झालेलं नाही. ताठ उभे होते. म्हणाले, "ताई, तुम्ही रोज बरोबर असायच्या. काही म्हणाली होती का हो ती? काही त्रास होत होता का?"

मी म्हणाले, "नाही. काहीच नाही."

विचार करून खोटं बोलले नाही. ते तोंडातून आपोआप आलं. ते म्हणाले, "बरं झालं. म्हणजे झटक्यात गेली." आणि बॅगा उचलायला गेले. नेहा माझ्या गळ्यात पडली. "मावशी, तुम्ही होतात म्हणून मम्मी रोज चालत होती. डॉक्टरसुद्धा म्हणाले, वॉकमुळेच शुगर कंट्रोलमध्ये होती. थँक यू, मावशी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला कुणी चालवलं आणि कोण कुणाचे आभार मानतंय, हे त्या पोरीला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

ते गेले आणि तुझ्या दाराला कुलूप लागलं. पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत मी मराठीत फक्त भावाशी बोलले, दोन रविवारी, फोनवर, दहा-दहा मिनिटं. तोही सारखं तब्येत कशी आहे म्हणून विचारत होता. मी त्याला सांगितलं, चालणं चालू आहे. एकदा खोटं जमलं की पुढचं सोपं जातं. संध्याकाळी घरी आले की टीव्ही लावते, कारण आवाज हवा असतो. तासभर बातम्या बघून झाल्या तरी काय झालं ते सांगता येत नाही. भाजी एकीपुरती करते आणि तीही उरते. आपली घरं काही जवळ नव्हती, तू माझ्याकडे पाच वर्षांत चारदा आली असशील. मग घर असं कशाने रिकामं झालं, तेच कळत नाही. तुझा तास सकाळी सातला संपायचा, पण दिवसभरात जे काही व्हायचं ते 'उद्या शालनला सांगू' म्हणून बाजूला ठेवलं जायचं, असं आता लक्षात येतं. अजूनही ठेवलं जातं. कँटीनमध्ये परवा एक जण खुर्चीसकट पडला, ते तुझ्यासाठी ठेवलंय.

डॉक्टरांकडे गेले होते, माझ्या गोळ्यांसाठी. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, ती एक चक्कर मारली म्हणून झालं का? ते पेन खाली ठेवून म्हणाले, "चक्कर से नहीं, मैडम. लेकिन उस दिन कोई ईसीजी करवा देता तो शायद..." आणि थांबले. ते चांगले आहेत, पुढचं बोलले नाहीत. पण मी नोटिंग लिहिणारी आहे. अर्धं वाक्य मला पूर्ण करता येतं. उस दिन कोई. त्या दिवशी तुझ्याबरोबर मीच होते.

तुला चूक कबूल करायला एक दिवस लागला होता. मला सतरा लागले. काल रविवार होता. नेहा बाहेर गेली असेल अशी वेळ बघून मी तुझ्या घरी गेले. भाऊजींनी स्वतः चहा केला. साखर जास्त झाली होती, तरी मी प्यायले. मग कप खाली ठेवला आणि सांगितलं. दम लागतोय म्हणाली होती. पाठीत भरून आलंय म्हणाली. बसू या का म्हणाली. आणि मी काय केलं तेही, उडी आणि टाळ्यांसकट. काही गाळलं नाही.

भाऊजींनी माझा कप उचलून आपल्या कपाशेजारी ठेवला. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"हो, भाऊजी."

"तुमच्या शब्दावर मी अख्ख्या गावाला सांगून आलो, तिला काही त्रास झाला नाही म्हणून. तिच्या आईला सांगितलं. म्हातारी त्याच एका गोष्टीवर जेवली."

मी मान खाली घातली. असू द्या, असं ते म्हणाले नाहीत आणि म्हणायला हवं असं मलाही वाटलं नाही. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं.

"तो एक चक्करचा नियम," ते म्हणाले, "तो माझाच. घरी गंमत म्हणून सांगायचो, उस्तादची नक्कल करून. नेहा हसायची, ती पण हसायची. पण ताई, जवान 'बसतो' म्हणाला ना, तर उस्ताद आधी त्याची नाडी बघायचा. हात धरून, घड्याळ लावून. नाडी ठीक असली तरच जादा चक्कर. नाहीतर सरळ एमआय रूम, डॉक्टरकडे." त्यांनी स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "तेवढं सांगायचं राहिलं माझ्याकडून. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कधी सांगितलंच नाही."

दोघांनी मिळून तुला अर्धाच नियम दिला. त्यांनी अर्धा सांगितला आणि मी तो पूर्ण समजून तुझ्यावर लावला.

ते मला दारापर्यंत सोडायला आले. मी चपला घालत होते. मागून त्यांनी विचारलं, "पूर्ण केली का तिने? ती चक्कर?"

"केली."

"हसत होती?"

"हो. मला चिडवत होती. म्हणाली, भागवून घे तुझी हौस."

"करणारच," ते म्हणाले. "सोडणारी नव्हती ती." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी दोन पायऱ्या उतरले असेन, तेव्हा आतून आवाज आला. पहिल्यांदा मला कळलंच नाही कसला ते. गावावरून आल्यावर नेहा मला फोनवर म्हणाली होती, "पापा रोए नहीं, मावशी. एकदाही नाही. मला भीती वाटते." मी परत वर आले. बेलवर बोट ठेवलं आणि वाजवली नाही. तुझ्या दाराबाहेर, पायरीवर, भिंतीला टेकून खाली बसले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरलं, माझ्याकडे बघितलं, मी पाय आवरून त्यांना वाट करून दिली. आतला आवाज थांबेपर्यंत मी तिथेच बसून राहिले, शालन.